वाचनालयातल्या बाजाराचं धोरण

३ फेब्रुवारी २०२५
तेरच्या आमच्या वाचनालयाला कॉलेजच्या पोरांनी व्हीआर हेडसेट भेट दिला. डोळ्यांवर चढवला की त्यांनीच गेल्या दिवाळीत फिल्म केलेला आपलाच आठवडी बाजार. मान वळवाल तिकडं बाजार. याचे सरकारी नियम काय, म्हणून वरच्या ऑफिसात फोन केला. हेल्मेटचे असतील तेच लावा, म्हणाले. म्हणजे धोरण ग्रंथपालालाच लिहावं लागणार. मी एम.ए., राज्यशास्त्र. आठवड्यात मसुदा तयार. पुढं जिल्हाभर लागू व्हायला हरकत नसावी.

४ फेब्रुवारी
कलम १: माणशी दहा मिनिटं.
कलम २: बसूनच पाहावे. (रोज पेपर वाचायला येणारा गुंडाप्पा वांगी दाबून बघायला पुढं झाला. पेपरचा स्टँड आडवा.)
भाजीवाल्या सुमनबाईंनी हेडसेट लगेच काढून ठेवला. म्हणाल्या, भाईर खरा बाजार भरलाय अन् सर, तुमी आत कशाला दावायलाव? शिवाय स्वतःचीच मेथी दहाला बघून भडकल्या. आता वीसला हाय, गिऱ्हाइकं बिघडवू नका.
मुद्दा धोरणात्मक आहे. कलम ३: फिल्ममधले भाव आज लागू नाहीत. नोंदवला.

६ फेब्रुवारी, सायंकाळ
वाचनालय बंद केल्यावर उपकरणाची तपासणी. कोथिंबिरीच्या ढिगापाशी पाठमोरी, पोपटी साडीत सौ. पौर्णिमा (पत्नी). दीक्षाच्या शिक्षणासाठी मायलेकी पुण्यात असतात. निर्णय दोघांचा. म्हणजे, मी विरोध केला नव्हता.
ती मान वळवणार, एवढ्यात फिल्म संपते. पुन्हा तपासणी केली. कलम १ तपासणाऱ्याला लागू नाही.

९ फेब्रुवारी
कलम ४: फिल्ममध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाची संमती घ्यावी. न मिळाल्यास तेवढा भाग काढावा.
बाकी सगळ्यांनी दिली. सुमनबाईंनी मेथीचा भाव झाकायच्या अटीवर. एकच राहिली. म्हणून कलम ४ (अ): ग्रंथपालाचे कुटुंबीय वगळून.

११ फेब्रुवारी
४ (अ) खोडलं. ही घराणेशाही झाली. आता पौर्णिमाला फोन करणं भाग आहे. केवळ धोरणापायी. एरवी मी करत नाही, तिला कामं असतात.
नाही म्हणाली तर? नियम तो नियम.
तपासणी चालू.

१२ फेब्रुवारी
फोनला रेंज नव्हती.

१३ फेब्रुवारी
रेंज होती. मसुद्याचं शुद्धलेखन तपासलं.

१६ फेब्रुवारी
फोन केला. दीक्षानं उचलला. पप्पा, काय झालं, बरे आहात ना? बरा आहे, संमती हवी आहे, म्हणालो. तिनं फोन आईला दिला.
पौर्णिमानं कलम ४ शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, अहो, दिवाळीत मी कुठं होते तेरला? आम्ही जूनमध्येच नाही का आलो इकडं? दिवाळीला तुम्हीच येणार होतात की. आणि पोपटी साडी माझ्याकडं नाही. कधीच नव्हती.
जेवलात का, असंही विचारलं. हो म्हणालो.

१६ फेब्रुवारी, सायंकाळ
जेवलो नव्हतो.
तर एका अनोळखी बाईंची संमती बाकी आहे. नाव माहीत नाही, तोंडही पाहिलेलं नाही. धोरणानुसार तेवढा भाग काढायला हवा. काढलेला नाही. तपासणी दोनदा झाली. मान वळली नाही.
कलम ५: हेडसेटच्या कपाटाची किल्ली एकट्या राहणाऱ्या माणसाकडं नसावी.
मग कुणाकडं द्यावी, हे सुचलं नाही. खिशातच आहे.