रुमालाखालची उत्तरं

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही. तेव्हा मधेच तोडायला तुम्ही होता, आज नाही. म्हणून सरळ सांगते. भूकंपाच्या सकाळी उदगीरच्या दुकानासमोर चुकलं होतं ते तुमचं, माझं नव्हे.

मी विसर्जनासाठी नांदेडहून घरी आले होते. पहाटे फळीवरची भांडी खाली आली आणि धान्यबाजाराचा सगळा मोंढा रस्त्यावर आला. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या येऊ लागल्या, तसं माणसांचं बोलणं कमी होत गेलं. आपल्या आडतीच्या दुकानासमोर पोत्यांवर हमाल बसलेत, शेजारच्या बायका लेकरं पोटाशी धरून बसल्यात. कोणीतरी म्हणतं, "अण्णाची लेक सायन्स शिकून राहिली, तिला विचारा, पुन्हा येतो का म्हणून." सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "माहीत नाही. हे कोणालाच सांगता येत नाही." आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडता, "नांदेडला ठिवून एवढं शिकवलं, अन् चार माणसांत माहीत न्हाई म्हणतीस? असं म्हणलं तर दुकानातलं गिऱ्हाईक उठून जातंय!" मग तुम्हीच सांगून टाकलंत, "आता काय येत न्हाई. जावा घरला." बायका घरात गेल्या. दुपारी जमीन पुन्हा हलली. कोणाला लागलं नाही, हे नशीब. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही.

आता लातूरला या, तर ओळखणार नाही तुम्ही. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, गल्लोगल्ली क्लास, होस्टेल, मेस. मी कॉलेजातून मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर अशाच एका क्लासमध्ये शंकांच्या टेबलावर बसत होते. मुलांना वर्गात जे कळत नाही ते विचारायचं टेबल. आम्ही चौघी होतो. क्लासचा मालक माझाच जुना विद्यार्थी. गेल्या उन्हाळ्यात त्यानं जाहीर केलं की पालकांसमोर प्रश्नमंजूषा घ्यायची, एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला संगणकाचे दोन प्रोग्राम. हे प्रोग्राम म्हणजे काय, ते तुम्हाला एवढंच सांगते, विचाराल त्याचं लगेच, अगदी नीट भाषेत उत्तर देतात. चूक असलं तरी नीट भाषेत. तुमची आठवण आली.

तो म्हणाला, प्रोग्राम जिंकला तर पुढच्या वर्षी टेबल बंद, मुलं शंका प्रोग्रामला विचारतील. मी म्हटलं, "आणि आम्ही जिंकलो तर टेबल राहील. पण स्पर्धा मी घेणार, नियम माझे." तो हसला. "घ्या की मॅडम. तुमच्यावर कोण संशय घेणार?" आमच्यातल्या तिघी खेळणार होत्या. प्रश्न मी काढले आणि स्पर्धा होईपर्यंत त्या तिघींसोबत जेवायलाही बसले नाही. त्या रुसल्या. रुसू दिलं.

त्याला बझर पाहिजे होता, जो आधी दाबेल त्याचं उत्तर. यंत्राशी वेगात कोण लढणार? मला मोंढ्यातला तुमचा लिलाव आठवला. रुमालाखाली हातात हात, बोटं दाबून भाव सांगायचा, दुसऱ्याचा भाव तिसऱ्याला कळायचा नाही आणि घाईनं कोणाचं भलं व्हायचं नाही. मी ठरवलं, प्रत्येकानं उत्तर कार्डावर लिहायचं, रुमालाखाली ठेवायचं, सगळे रुमाल एकदम उचलायचे. प्रोग्रामचं उत्तर तो चालवणारा माणूस लिहून ठेवेल. मालक म्हणाला, "मॅडम, हा काय मोंढा आहे का?" मी म्हटलं, "हाव. पटत नसेल तर दुसरी बाई बघ." हा नियम तुमचा, कबूल. दुसरा नियम मात्र तुमच्या नाकावर टिच्चून केला. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला एक वजा, आणि "माहीत नाही" लिहिलं तर काहीच कापायचं नाही. काही प्रश्नांना पक्कं उत्तर नाही, तिथं काहीही ठोकलं तरी ते चूकच धरणार, हेही मी सुरुवातीलाच माईकवर सांगितलं.

हॉल भरला होता. पहिला प्रोग्राम सगळ्याच प्रश्नांना धडाधड उत्तरं देत गेला आणि वजा होत होत मागं पडला. लोक टाळ्या वाजवत होते. दुसरा मात्र शहाणा निघाला. अडलं की "खात्रीनं सांगता येत नाही" असं लिहून यायचं, आणि त्यालाही टाळ्या पडायच्या. शेवटच्या प्रश्नाला तो आणि आमच्या तिघी बरोबरीत.

शेवटचा प्रश्न एका जुन्या बारवेचा, पायऱ्यांच्या विहिरीचा होता, ती कधी बांधली. तिच्यावरचा शिलालेख झिजलेला, जाणकारांचं एकमत नाही. चार पर्याय दिले होते. रुमाल उचलले. प्रोग्रामच्या कार्डावर "सांगता येत नाही." आमच्या कार्डावर ठसठशीत अक्षरात एक साल.

लिहिणारी आमची रसायनशास्त्राची बाई, इथल्याच जुन्या अत्तरवाल्यांच्या घरातली, हाताची अतिशय पक्की. तिनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! मॅडम, दोन ऑप्शन उडाले, अन् हातानं तिसरं ठोकलंच की हो!" हेच तर आम्ही लातूरभर मुलांना घोकवत आलो. दोन पर्याय उडाले की उरलेल्यातला एक ठोकायचा, रिकामं सोडायचं नाही.

मागून बिलोलीचा एक बाप उभा राहिला. "ओ मॅडम, त्यो शेवटचा प्रश्न रद्द करा की! लेकरायची सोय जाईल न्हाई तर!" हॉलमध्ये एकच गलका झाला. मालकसुद्धा कानाशी येऊन म्हणाला, "बरोबरी जाहीर करा मॅडम, मला चालतंय. पालक नाराज नकोत." एक शब्द बोलले असते तर टेबल वाचलं असतं. माझ्या तिघी माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "प्रश्न रद्द होणार नाही. नियम आधी सांगितला होता. प्रोग्राम जिंकला."

अण्णा, नियम माझा होता, हरलेही मीच, आणि नियम बरोबर होता. यंत्रालासुद्धा चारचौघांत "माहीत नाही" म्हणून जिंकता येतं. तुमचं गिऱ्हाईक उठून गेलं नाही, ते टाळ्या वाजवत बसलं.

टेबल बंद झालं. आता आम्ही चौघी माझ्या घराच्या ओट्यावर बसतो. मुलं येतात. परवा शिरूर अनंतपाळची एक मुलगी आली, वही उघडली आणि रडायलाच लागली. काय अडलं ते तिला सांगता येईना. जे विचारताच येत नाही ते ती प्रोग्रामला काय विचारणार? रसायनवालीनं तिला आधी चहा दिला, मग पहिल्या पानापासून सुरुवात केली. मालक गाडीतून जाताना बघतो. बघू दे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. निकाल सांगताना "प्रोग्राम" म्हटलं आणि पुढच्या शब्दाला माझा आवाज कापरा झाला. माईक होता, हॉलमध्ये कोणाला कळलं नसेल. तुम्ही समोर असता तर तुम्हाला कळलं असतं, आणि तेव्हा मला तुम्ही समोर असायला हवे होतात.