खारे बांगडे

लालबाग

प्रिय आक्का,

रागावशील म्हणून दोन वर्षं लपवलं, आज लिहूनच टाकतो. तू मालवणहून पाठवतेस ते खारे बांगडे मी खात नाही. शेजारच्या गंगाधरला देतो आणि फोनवर तुला "झकास होते" म्हणतो.

अंगदुखीसाठी मला स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी बीपी वाढतं, अंगावर सूज येते, म्हणून डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. मी शहाणा! मीठ सोडण्याऐवजी गोळ्याच सोडल्या. त्या अशा एकदम सोडायच्या नसतात, चौथ्या दिवशी चक्कर येऊन गॅलरीत पडलो. हाड मोडलं नाही, पण सूनबाईनं, सीमानं, असं झापलं की गिरणीतल्या मुकादमानंही कधी झापलं नव्हतं. तेव्हापासून नाश्ता झाला की गोळी, जेवणानंतर कॅल्शियम, सकाळच्या उन्हात मैदानाला दोन फेऱ्या. या गोळ्यांचा डोळ्यांवरही परिणाम होतो म्हणे, म्हणून डोळेही तपासून आलो. खरं सांगू, मजेत आहे. फक्त पेज समोर आली की बांगडा आठवतो.

इतकं लिहिलं आणि तुझं पार्सल आलं. आत दोन पुड्या निघाल्या. एकीवर माझं नाव, दुसरीवर गंगाधरचं. सोबत तुझी चिठ्ठी: "तुका बोंबील, बिनमिठाचे सुकयलेले. बांगडे गंगाधराक दी. सीमान माका कधीच सांगल्यान."

आता हे पत्र टाकत नाही. सीमा बोंबील भाजतेय. संध्याकाळी फोन करून "झकास होते" म्हणेन, आणि या खेपेला ते खरं असेल.

तुझा खोटारडा भाऊ,
कुशाबा