यादीत इतवारी नाही

३ डिसें.
निखिलचा मेसेज, दिल्लीहून. "बाबा, २० ला मी, रिया आणि तिचे आईवडील नागपूर पाहायला येतोय. कोणत्या भागात उतरणं बरं?"
इतवारीत जन्मला, इथंच वाढला. आता बापाले विचारते, कुठं उतरू.

५ डिसें.
भाग विचारले, भाग कळवले. सिव्हिल लाईन्स: झाडं, शांतता. रामदासपेठ: दवाखानेच दवाखाने. धरमपेठ: खाण्यापिण्याले बरं. मिहान: विमानतळ जवळ, बाकी सगळं दूर. महाल: भोसल्यांची जुनी राजधानी पायी पाहून होते, आपलं घरही दहा मिनिटांवर. 'आपलं घर' खोडलं, मग पाठवलं.
सौ. चिडली. "घरी या, एवढं लिहाले काय झालं होतं?"
पोटच्या पोराले काय बोलावणं धाडायचं? आमच्यात बोलावणं जावयाले जाते, व्याह्याले जाते.
"मंग व्याही येऊन राहिले ना. त्यायले तरी लिहा."
कसं लिहू. पोरानं मनानं लग्न केलं म्हणून मी लग्नाले गेलो नाही. दोन वर्षं झाली. व्याह्याचं तोंड पाहिलं नाही अजून. दिवाळीत वरची खोली रंगवली, कमोड बसवला, ते मात्र कोणाले सांगितलं नाही.

९ डिसें.
बुकिंग झालं. सिव्हिल लाईन्स, चार रात्री. "थँक्यू बाबा, तुमची यादी कामी आली." जीव जळला.
दुपारी स्कूटर काढून हॉटेल पाहून आलो. गरम पाणी चोवीस तास आहे, विचारून घेतलं. काउंटरवरची पोरगी म्हणे, "कोण येऊन राहिलं काका?"
पाहुणे, म्हटलं.

२० डिसें.
आले. सौ. पुडाच्या वड्या घेऊन हॉटेलवर गेली. मी गुडघ्याचं निमित्त केलं. गुडघा ठीक आहे.
सं. सात. सौ. परतली. चप्पल काढता काढताच बोलली. "निखिल काय म्हणे, आयका. रिया त्याले विचारत होती, घरी उतरलो तर चालेल का? हा म्हणे, बाबांना भाग विचारतो, उत्तरावरून कळेल. तुम्ही पाच भाग लिहिले. इतवारी नाही लिहिली."
आत निघून गेली. मले वाढलं, स्वतः जेवली नाही.
म्हणजे कारटं माझी परीक्षा घेत होतं. अन् मी त्याची.

२१ डिसें.
सकाळी सौ. वरच्या खोलीतल्या नव्या चादरी काढाले गेली. राहू दे, म्हटलं.
"काहून? कोण येणार आहे?"
तीन रात्री बाकी आहेत त्यांच्या. फोन घेऊन बसलो. 'इतवारी' एवढं टाइप केलं आहे. नऊ वाजून गेले, अजून पाठवलं नाही. चादरी तशाच आहेत.