अप्पांनी वर केलेला हात

रविवार, दिवेलागण

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी अप्पांना चिटगुप्प्याजवळच्या राखीव जंगलात फिरायला मीच नेलं. पायवाटेवर चिटपाखरू नव्हतं. अर्ध्या वाटेत अप्पांना दरदरून घाम सुटला अन् ते मटकन खाली बसले. त्यांची साखर उतरली होती. माझ्या पिशवीत गोड काही न्हाई, मोबाईलला रेंज न्हाई.

"उभारलीस कामून पोरी? फाटकाकडं पळ," म्हणाले.

मी पळाले. वळणावर मागं बघितलं तर त्यांनी हात वर केलता. जा म्हणायलते का थांब म्हणायलते? मी थांबले न्हाई.

फाटकावरच्या गार्डनं चहाची साखर घेतली अन् माझ्यासंग धावत आला. वाटभर मला तो हातच दिसायलता. तो खाली पडला असंल तर?

अप्पा झाडाला टेकून होते, डोळे अर्धे मिटलेले. साखर तोंडात घातली, तवा हळूहळू बोलायला लागले.

आता आत जेवायलेत. आईला सांगायलेत, "पोरीनं वाचिवलं मला."

न्याहारी आल्यावर करू, आधी चला, असं मीच म्हणाले होते. ते त्यांनी आईला सांगितलं न्हाई.