साक्षगंधाच्या आधी एक शिखर

१९ जानेवारी, रविवार

संकल्प केला. या वर्षी जिल्ह्यातल्या बिननावाच्या टेकड्या सर करायच्या. नाव असलेल्या ठिकाणी पायऱ्या असतात, रेलिंग असतं, चिप्सची पाकिटं असतात. मला ते नको. पायवाट नसलेला डोंगर, आणि माथ्यावर फक्त मी. एवढी वर्षं आमगावात भूगोल शिकवतोय. दिशा माझ्या रक्तात आहेत.

व्हॉट्सॲपवर 'समिट क्लब' ग्रुप काढला. सभासद: मी, बायको नीतू, भोजराज सर. नीतू लगेच लेफ्ट झाली. समोरच्याच खुर्चीवर बसली होती. कारण विचारलं तर म्हणाली, आधी गुडघ्याचा पट्टा घेऊन या.

२ फेब्रुवारी, रविवार

गोंदियाहून ट्रेकिंगचे बूट आणले. प्रॅक्टिस म्हणून स्टेशनचा पादचारी पूल चढलो. धाप लागली ती धुळीमुळे. बूट डाव्या पायाला लागतो. चांगले बूट सुरुवातीला लागतातच.

९ फेब्रुवारी, रविवार

सालेकसाच्या पुढे, जंगलाच्या कडेला एक टेकडी हेरली. गुगलवर नाव नाही. म्हणजे आपलीच. एकटा गेलो. पायथ्याशी बांबू आणि काटेरी झुडपं इतकी की अर्ध्यातून परतलो. तरी परतलो म्हणणं बरोबर नाही. ही टेहळणी होती, आणि ती यशस्वी झाली. पूर्वेकडून वाट नाही, हे आता पक्कं माहीत झालं.

शर्ट फाटला. नीतूला सांगितलं, खिळ्यात अडकला.

२३ फेब्रुवारी, रविवार

भोजराज सरांची काळजी वाटते. आमच्याच शाळेत विज्ञान शिकवतात, माझे जवळचे मित्र. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. घरी म्हातारी आई कलाबाई आणि मुलगी खुशबू. खुशबूचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, येत्या रविवारी, २ मार्चला, दुपारी बाराला आहे. मुलगा फुलचूरचा. राजदीप नाव, बँकेत आहे. सर एकटेच सगळं बघत आहेत आणि टेन्शनने पार वाळून गेले आहेत.

उपाय माझ्याकडे आहे. त्याच दिवशी पहाटे त्यांना शिखरावर न्यायचं. मोकळी हवा, मोकळं मन. दहाच्या आत घरी. पाहुणे येतील तेव्हा सर एकदम फ्रेश.

सर म्हणाले, त्याच दिवशी काऊन जी? मी ऑक्सिजनचं समजावून सांगितलं. मग ते काही बोलले नाहीत. म्हणजे पटलं.

नीतू म्हणते, ते तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत. वहिनी दवाखान्यात होत्या तेव्हा तुम्ही रात्रंदिवस गाडी घेऊन धावलात ना. मी म्हटलं, त्यालाच मैत्री म्हणतात. ती म्हणाली, तेच तर म्हणून राहिली मी.

तिचं बोलणं कधी कधी अर्धवट असतं.

२ मार्च, रविवार. सकाळी साडेसहा

पायथा. मोटारसायकल पळसाखाली लावली. पळस फुललाय. माझा मोबाईल मुद्दाम डिकीत ठेवला. निसर्गात मोबाईल नको. सरांनाही ठेवायला सांगितलं. शिखरावर नोंद करायला ही डायरी मात्र सोबत आहे. सरांनी चपला घातल्या आहेत. मी मोठ्या मनाने चालवून घेतलं.

सकाळी पावणेनऊ. शिखर!

सर केलं! चढताना दोनदा वाट बदलावी लागली. चुकली नाही, बदलली. वरून काय दृश्य! खाली जंगल, पलीकडे धानाची बांदी, बांध घातलेली शेतं, मधून रेल्वेची रेघ.

सर म्हणाले, शेजारचं टेकडं याच्यापेक्षा उंच दिसून राहिलं. मी म्हटलं, दृष्टिभ्रम. मग म्हणाले, निघू या जी आता, आचारी आला असेल.

उतरताना आलो त्या वाटेने जाणार नाही. सरळ रेषेत खाली उतरलं की मोटारसायकल समोर. वेळ वाचेल.

सकाळी दहाच्या सुमारास

थोडा विसावा घेतोय. एका सुंदर लुकआउटवर आहोत. निसर्गाने बांधलेला ओटाच, दोन माणसांना पुरेल एवढा.

इथे पोचलो तो वरच्या गुळगुळीत खडकावरून, बसून. म्हणजे बसायचं ठरवलं नव्हतं, पण बसलो आणि आलो. खाली टेकल्यावर सरांना हाक मारली, या, एकदम सेफ आहे. तेही आले.

आता वर जायचं तर खडकाला धरायला काही नाही. खाली बघितलं तर दाट झाडी, तळ दिसत नाही. पण परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे.

पावणेअकरा

वर चढायचे प्रयत्न केले. डावा बूट खाली पडला. पडल्याचा आवाज ऐकू आला नाही, यावरून खोलीची कल्पना यावी. निदान आता पायाला लागत नाही.

सरांनी खिशातून मोबाईल काढला. डिकीत ठेवलाच नव्हता! मला जरा वाईट वाटलं. एक काडी सिग्नल आहे. म्हणाले, घरी सांगतो. मी म्हटलं, आजच्या दिवशी बाया घाबरतील, शुभकार्यात अपशकुन नको, टायर पंक्चर झालं म्हणून सांगा. तोवर आपण उतरतो. सर माझ्याकडे बघत राहिले. मग लावला फोन आणि तसंच सांगितलं. कलाबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. म्हणाल्या, आजच व्हायचं होतं का पंक्चर?

माणसांना वेळेवर धीर देणं हेच खरं नेतृत्व.

बारा वाजून गेले

पाहुणे आले असतील. इथे कुठेतरी मोर ओरडतोय.

सरांच्या भावाचा, दुधरामचा फोन आला. सरांनी सांगितल्या ठिकाणी तो पंक्चरवाल्याला घेऊन पोचला. त्याला मोटारसायकल सापडली. दोन्ही चाकांत हवा भरलेली, आणि माणसं गायब. त्याने घरी कळवलं. घरी काय झालं असेल त्याची कल्पना करवत नाही, म्हणून करत नाही.

मग सरांनी मला न विचारता खुशबूला फोन लावला. माझ्याकडे पाठ करून बोलले. पण एवढ्याशा जागेत पाठ करून काय होतं? सगळं ऐकू आलं. म्हणाले, बेटा, पंक्चर नाही झालं. मी एका मोठ्या गोट्यावर अडकून बसलो. वर जाता येत नाही, खाली उतरता येत नाही. पटले सर आहेत सोबत. नाही, कोणाला लागलं नाही. तू रडू नको. साडी नेसली का? बरी दिसते का? खरं सांग.

फोन खिशात ठेवला. मग आपणहून सांगायला लागले. साडी आणायला एकटेच गोंदियाला गेले होते. दुकानदार म्हणाला, मॅडमला घेऊन या ना साहेब, रंगाचं त्यांनाच कळते. सर हो म्हणाले आणि बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसले. मग परत गेले आणि पहिली दिसली ती घेऊन आले. पोरीला आवडली की नाही, हेच मले आज पाहायचं होतं, म्हणाले.

मी बॅगेतला बिस्किटांचा पुडा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. मीही ठेवून दिला.

तीनच्या सुमारास

ऊन सरळ अंगावर आहे. पाणी संपलं. काही सुचवावं म्हणून म्हटलं, सर, सूर्याच्या स्थितीवरून आपण ईशान्येला तोंड करून बसलो आहोत. सर म्हणाले, बरं.

नंतर म्हणाले, पटले सर, तुमाले एक विचारू? तुमाले खरंच माहीत होती का वाट? मी म्हटलं, ढोबळमानाने. ते हसले. हसले, की खोकले, माहीत नाही.

खालून आवाज येत आहेत.

३ मार्च, सोमवार

शाळेत रजा टाकली. अंग मोडून आलंय. काल काय झालं ते सविस्तर नोंदवून ठेवतो.

खालून आलेला आवाज राजदीपचा होता, म्हणजे नवरदेवाचा! सोबत त्याचे मामा नंदलाल. साक्षगंधाचे कपडे तसेच अंगावर, आणि खांद्यावर मंडपवाल्याची शिडी. झुडपं तोडत वर आले. काका, हाका मारत राहा, म्हणून राजदीप ओरडत होता. सर हाका मारत होते आणि मधेच म्हणत होते, जावईबापू, कपडे सांभाळा.

शिडी लावली. ती आमच्या डोक्यावरून वर गेली. म्हणजे ओटा तेवढाही उंच नव्हता. झाडीमुळे उंची फसवी वाटते, याला भूगोलात नाव आहे. खाली बकऱ्यांची पायवाट होती आणि तिच्यावर माझा बूट पडला होता, सरळ उभा.

नंदलालमामांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हेच का भूगोलाचे सर?

दिवेलागणीला साक्षगंध झालं. राजदीपच्या झब्ब्याची बाही फाटलेली होती. खुशबू खूप छान दिसत होती. सर तिच्यासमोर उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. धूळ भरलेल्या कपड्यांतच. ती म्हणाली, बाबा, रंग मस्त आहे. मग सर खाली बसले आणि टॉवेलमध्ये तोंड घातलं.

मी दारात उभा होतो. आत बोलवायचं राहून गेलं असावं, गर्दीत असं होतं.

एकूण विचार केला तर दोन्ही घरं माझ्यामुळे जवळ आली. शिडी नसती तर सासऱ्याला जावयाचे गुण एवढ्या लवकर कळले असते का? हे नीतूला बोलून दाखवलं. ती उठून आत गेली.

१७ मार्च, सोमवार

सर हल्ली मधल्या सुट्टीत लॅबमध्येच डबा खातात. प्रॅक्टिकलची तयारी असेल. 'समिट क्लब'मध्ये आता मी एकटाच. निर्णय पटकन होतात.

६ एप्रिल, रविवार

शेजारच्या टेकडीचा विचार होता. ती खरंच थोडी उंच आहे. ऊन वाढलंय, शिवाय नीतूने बूट कुठे ठेवले ते सांगत नाही.

संध्याकाळी सरांच्या घरावरून दोन चकरा मारल्या. खिडकीत लाईट होता. काही काम नव्हतं, म्हणून थांबलो नाही.

२७ एप्रिल, रविवार

सर स्वतः आले! लग्नाची पत्रिका घेऊन. ११ मेला लग्न. पत्रिका नीतूच्या हातात दिली, पण म्हणाले, दोघंही या. चहा घेतला. माझ्याशी उन्हाबद्दल बोलले. मी म्हटलं, लग्नात कुठलीही जबाबदारी द्या. ते म्हणाले, विचार करून सांगतो.

वरात आणायचं काम माझ्याकडे येणार असं दिसतं. फुलचूरहून येताना मेन रोडने गर्दी लागते. कामठ्याकडून आत एक रस्ता जातो असा माझा अंदाज आहे.

११ मे, रविवार

सकाळीच हॉलवर पोचलो. सरांनी पुढे येऊन माझा हात धरला. गर्दीतून मला आत नेलं. वाटलं, स्टेजवर. कूलरसमोरच्या सोफ्यावर कलाबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी मला बसवलं आणि सर म्हणाले, आई, यांच्याकडे लक्ष ठेव.

कलाबाईंनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाल्या, बसा जी गुर्जी, हलू नका. कायले उठता? सगळं होऊन राहिलं.

वरात आली, मेन रोडनेच आणि वेळेवर. त्रिशरण-पंचशील झालं, माळा घातल्या, सगळ्यांनी फुलं टाकली. माझी फुलं सोफ्यापुढेच पडली. जेवण मांडीवर आलं. हात धुवायला उठलो तर कलाबाईंनी तांब्या मागवला.

खुशबू निघाली तेव्हा सगळे फाटकापर्यंत गेले. मी बसल्या जागेवरून हात हलवला. सरांचं डोकं तेवढं गर्दीत दिसत होतं. मोटारीच्या काचेत वाकलेलं. नीतूही तिकडेच होती. हॉल रिकामा झाला. कलाबाईंना डुलकी लागली होती, पण मनगट काही सुटलं नाही. मी कूलरच्या हवेत तसाच बसून राहिलो.