हाक येते तोवर घर विकू नये

मी, श्रीमती सुमती अनंत पिंपळापुरे, वय त्र्याहत्तर, राहणार बेसा, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढे वाचून माझ्या डोक्याविषयी कोणाला शंका आलीच, तर तो दाखला पुन्हा वाचावा.

१. बँकेतील ठेव व यजमानांची स्कूटर माझा मुलगा अंकित यास मिळावी. स्कूटर सुरू होत नाही, पण वस्तू विकायला काढण्यात चिरंजीव पटाईत आहेत.

२. माझी शिलाई मशीन आमच्याकडे भांडी घासणाऱ्या अंजनाबाईंना द्यावी. तेल त्याच घालत आल्या आहेत.

३. माझी जाऊ प्रेमिला हिला काहीही देऊ नये. ‘तुमच्या घरात काहीतरी आहे’ म्हणत तिने भरदुपारी मांत्रिक आणून बसवला होता. घरात काय आहे हे मला ठाऊक आहे. त्या माणसाला मी चहासुद्धा दिला नाही.

४. आता घर. बेशात नुसती शेते होती तेव्हा हे घर आम्ही बांधले. माझी भैरवी याच अंगणात खेळली आणि शाळेत जायच्या वयातच तापाने गेली. मी दवाखान्यात खाली औषध आणायला गेले होते. नर्स म्हणाली, “पोरगी ‘आई, आई’ करून रायली होती.” मी वर पोचले तेव्हा ती शांत झाली होती. त्यानंतर बरीच वर्षे मी देवासमोर हात जोडले नाहीत.

मग हाक येऊ लागली. दूध उतू जाण्याच्या बेतात असले की आतल्या खोलीतून ‘आई’ ऐकू येते. किल्ली दारालाच विसरले की येते. ओल्या फरशीवर पाय टाकणार, तोच येते. खोलीत कोणी नसते. अंगावर काटा पहिल्यांदा आला तसाच आजही येतो. यजमान म्हणत, “देवाची कृपा आहे, दुसरं काय?” देवाला माझ्या दुधाकडे बघायला सवड आहे, याचे मला फार नवल वाटे. आता वाटते, तो बघतो, पण माझ्या वाटणीची लहानसहान कृपा त्याने माझ्या लेकीच्या हाती दिली आहे. मी ती घाबरत घाबरत घेते आणि रोज त्याचे आभार मानते.

गेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नये, जीव इथेच अडकतो, असे सासूबाई सांगत. म्हणून मी कधी ओ दिली नाही. आईला ते किती जड जाते, हे कोणी विचारू नये.

अंकितला घर बिल्डरला द्यायचे आहे. घर त्याला नाही. ते माझी सून रितिका हिच्या नावे करत आहे. ही कुही गावची मुलगी माझ्याशी भाजीच्या मिठावरून भांडते. पण मागच्या महिन्यात तिने धावत जाऊन गॅस बंद केला आणि मला विचारले, “आई, आतून कोनाची पोरगी आवाज देऊन रायली जी?” मी देव्हाऱ्यापुढे बसून खूप रडले.

५. अट एकच. हाक येते तोवर रितिकाने घर विकू नये, पाडू देऊ नये. माझ्यामागे हाक थांबली, तर मायलेकींची भेट झाली असे समजावे आणि घर खुशाल बिल्डरला द्यावे.

आणि मी गेल्यावरही ती येतच राहिली, तर मी तिला सापडले नाही असे समज. मग माझ्या सासूबाईंचे ऐकू नकोस, रितिका. माझ्या पोरीला ओ दे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांदेखत वाचला आणि सही केली.

सही: सुमती अनंत पिंपळापुरे

साक्षीदार:
१. गणपतराव वझलवार, शेजारी (सही)
२. विक्रम बोंद्रे, वकील (सही)

ठिकाण: नागपूर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५