वरच्या ओळीतून गेलेली शर्यत

श्टाइनग्राबेन,
नोव्हेंबर, मार्टिनीच्या सणानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप इग्नाझ काका यांना वेंडेलिनचा नमस्कार. नमस्कार अगदी वाकून केलाय, पण चार हात लांबून. कारण पुढे कळेलच.

तुमची तब्येत कशी आहे? खुबा रात्रीचा ठणकतो का? जेवण जातं का? (नर्सबाई म्हणाल्या की सूपसुद्धा तसंच परत येतं. त्यांना म्हटलं, सूप बदलून बघा. तर त्या म्हणाल्या, तीनदा बदललं.) इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वाल्बुर्गा आत्याचे गुडघे सोडले तर ती बरी आहे, तळघरातली नवी वाइन उसळायची थांबलीय, सणाचं बदक खाऊन झालं. हे पत्र बसून वाचा, असं सांगणार होतो. पण तुम्ही सप्टेंबरात पायऱ्यांवरून पडलात तेव्हापासून आडवेच आहात, म्हणून तो मुद्दा सोडून देतो.

सुरुवात शर्यतीपासून करतो, कारण शेवटही तिथेच झालाय. अकरा वर्षं गावची शर्यत तुमच्या मळ्यातून जावी म्हणून सरपंच लेश्नर नाक घासत होते आणि अकरा वर्षं तुम्ही छाटणीची कात्री घेऊन फाटकात उभे राहत होतात. ज्यांना कामं नाहीत ते पळतात, आणि पळायचंच असेल तर आपापल्या बापाच्या मळ्यात पळा, हे तुमचं वाक्य तर आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. त्यामुळे बिचारे पळणारे नदी, किल्ला आणि द्राक्षमळे बघायला लांबून यायचे आणि सांडपाण्याच्या टाक्या बघून परत जायचे. यंदा ऑक्टोबरात सरपंच परवानगीचा कागद घेऊन तुमच्याकडे हॉस्पिटलात आले. तयारीनिशी आले होते : दोन बाटल्या, आणि ढाल म्हणून बायको. अर्ध्या तासात परत येऊन ते आमच्या स्वयंपाकघरात बसले, ते पांढरेफटक.

"वेंडेलिन, त्यानं सही केली रे."

"कशावर?"

"कागदावर! वाचलासुद्धा नाही. 'पळू देत' म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी भांडायला म्हणून गेलो होतो, बाटल्या ठेवून परत आलो."

आत्याच्या हातातली पळी खाली पडली आणि तिनं छातीवर क्रूस काढला. मला मात्र ते खरं वाटलं. कारण त्याच्या दोनच दिवस आधी मी तुम्हाला घाबरत घाबरत सांगितलं होतं की ट्रॅक्टर तळघराच्या दारावर नेऊन आदळला, दाराची एक फळी गेली. डोळे मिटून, कान झाकायच्या तयारीत उभा होतो. आणि तुम्ही काय म्हणालात? "असू दे रे." काका, सत्तेचाळीस वर्षांत मी तुमच्या तोंडून गाढव ऐकलं, बैल ऐकलं, दगड ऐकलं (रविवारी, चर्चच्या पायरीवर, पाद्रीबाबांच्या देखत), पण 'असू दे रे' कधी ऐकलं नव्हतं. निघताना मी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणतात, हाड जुळलंय, चालायची काठी पलंगाला टेकवून ठेवलीय, पण हे पाऊलच खाली टाकत नाहीत. म्हटलं, यावर औषध काय? तर त्यांनी खांदे उडवले. डॉक्टरनं खांदे उडवलेले मला मुळीच आवडत नाहीत.

तर, मळा तुमचा, म्हणून रस्ता आखायचं काम पुतण्याच्या गळ्यात पडलं. धक्क्यावरून निघायचं, जर्दाळूच्या बागांमधून नदीकाठानं यायचं, दगडी पायऱ्यांनी वर चढून तुमच्या वरच्या ओळीतून किल्ल्याच्या दरवाजाशी जायचं आणि चर्चच्या चौकात उतरायचं. कागदावर फार सुंदर दिसतं. पण मला उंचीचं भय आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. (नवव्या वर्षी किल्ल्याच्या तटावर अडकलो होतो तेव्हा तुम्हीच कमरेला धरून उतरवलंत आणि खाली आल्यावर दोन ठेवून दिल्यात.) समितीनं खुणा बांधायला निळी फीत दिली होती. ती पायऱ्या चढताना हातातून सुटली आणि उलगडत उलगडत खाली गेली. खाली बघायचं नाही हा माझा नियम, म्हणून ती कुठे गेली ते सांगता येत नाही. मग तुमच्या मळ्यातल्या खोपटात खुंटीला टांगलेलं फितीचं रीळ दिसलं, ते घेतलं. लाल होतं. काका, इथे एकदा श्वास घ्या.

फीत बांधायची ती ओळीच्या टोकाच्या खांबांना, जेणेकरून धुक्यातही दिसावी. पण तुमच्या वरच्या ओळीचे खांब थेट बांधाच्या कडेवर, खाली दोन पुरुष खोल, आणि त्याच्याही खाली डॅन्यूब. तिथवर जायला माझे पाय तयार होईनात. शेवटी रांगत रांगत जिथवर गेलो तिथे, म्हणजे कडेपासून चार हात आत, वेलींनाच फिती बांधल्या. ओळभर मिळून नऊ बांधल्या. लांबून फार शोभून दिसत होत्या. गुरुवारी दुपारी तासभर मला माझा अभिमानही वाटला, तेवढा तास अजून आठवतो.

शुक्रवारी सकाळी ओन्द्रेई आणि त्याचा भाऊ आले. दर नोव्हेंबरात सीमेपलीकडून येतात तसेच, तुम्ही ऑगस्टमध्ये लाल फीत बांधून ठेवलेल्या रोगट वेली उपटायला. ते या वर्षीही येतील, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. तुम्ही त्यांना शिकवून ठेवलंय : लाल दिसली की उपटायची, विचारत बसायचं नाही. त्यांनी विचारलं नाही. मी पोचलो तेव्हा ओन्द्रेई कपाळाचा घाम पुसत होता.

"मालक, यंदा रोग पार वरच्या ओळीत चढला बघा. पण एक सांगू? मुळं काय घट्ट होती हो! आजारी वेल अशी धरून बसत नाही."

वरची ओळ, काका. लग्नानंतरच्या शरदात तुम्ही आणि स्टेफानी काकूनं दोघांनी मिळून लावलेली, जिची छाटणी काकू गेल्यापासून तुम्ही दुसऱ्या कुणाला करू दिली नाहीत. त्यातल्या नऊ वेली बांधावर आडव्या पडल्या होत्या आणि त्यांच्या गळ्यात मी बांधलेल्या गाठी होत्या. मी तिथेच मातीत बसलो आणि रडलो. ओन्द्रेईला वाटलं, उंचीमुळे.

शर्यतीचं थोडक्यात सांगतो. वेलींबरोबर खुणाही गेल्या होत्या आणि रविवारी नदीवरून असं धुकं आलं की स्वतःचे बूट दिसेनात. (नव्या खुणा बांधायला मी वर गेलो होतो. तिसऱ्या पायरीवरून परत आलो.) साठ माणसं वरच्या ओळीपर्यंत नीट पळाली आणि तिथून वाट फुटेल तिकडे गेली. काही किल्ल्याच्या बंद दरवाजाशी जाऊन हाका मारत बसले. वीसेक जण आपल्या अंगणात उतरले. आत्यानं त्यांना आधी झाडलं, मग उरलेलं बदक वाढलं, मग पुन्हा झाडलं. करंडक सरपंचांच्या बायकोला मिळाला. ती कंटाळून अर्ध्यातून परत फिरली होती आणि डांबरी रस्त्यानं चालत चालत सगळ्यांच्या आधी चौकात पोचली. पळणाऱ्यांपैकी एका बाईनं मला अंगणात विचारलं, वर ते नऊ खड्डे कशासाठी, तिथे काय लावणार आहात? मी तिला आणखी थोडं बदक वाढलं.

आता सगळ्यांचं एकच म्हणणं : इग्नाझला कळू द्यायचं नाही. सरपंच म्हणतात, नऊ काड्या खोचून टाकू, वसंतात बघू. आत्या तर माझ्या अंगावरच धावून आली. "त्याला कळलं तर तो जाईल, मेल्या! त्या ओळीवर त्याचा जीव आहे." जीव आहे, हे मलाही माहीत आहे. पण तुमच्यापासून लपवायची सवय मला नाही; लपवलेलं तुम्हाला नेहमी कळायचंच. म्हणून सगळं लिहून टाकलं. तुमच्या पायांवर डोकं ठेवून (खुब्याला धक्का न लावता) माफी मागतो. मोठ्या मनानं मला क्षमा करा. यापुढे असं होणार नाही.

तुमचा नालायक पुतण्या,
वेंडेलिन

ता. क. ओन्द्रेईला बोल लावू नका. तुमचं ऐकणारा या घरात तो एकटाच आहे.

ता. क. २. हे पत्र आत्याच्या हाती लागू देऊ नका. मी तुम्हाला हवापाण्याबद्दल लिहितोय, असं तिला वाटतंय. उपटलेल्या वेली मी जाळू दिलेल्या नाहीत, खोपटात उभ्या करून ठेवल्यात. खड्डेही बुजवलेले नाहीत. तिथे काय लावायचं, कुठल्या खोडाची काडी घ्यायची, किती खोल लावायची, हे या गावात तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि मी लावली तर ती कडेपासून चार हात आतच लागेल.

ता. क. ३. वर क्षमेचं जे लिहिलंय ते खोडलं असं समजा. मला माफ करू नका. मी तुमच्या नऊ वेली घालवल्या, काकूच्या हातच्या. त्याबद्दल 'असू दे रे' म्हणालात तर मी काय करू, कुणाकडे जाऊ? गाढव म्हणा, बैल म्हणा, फोन करून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडा. नाहीतर ती पलंगाला टेकवलेली काठी घ्या आणि या. मी फाटकात उभा राहीन, पळणार नाही. आजवर मला फक्त तुमच्या रागाचीच भीती वाटायची. आता तुम्हाला राग आलाच नाही तर, याची वाटते. उठा हो काका.